बर्फवाले डॉक्टर आणि न आलेली गोळी

अर्जदार : मी स्वतः. दौंड येथे कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिणारा. शिक्षण नववी, परंतु माझ्या हातचा अर्ज वाचून पदवीधर कारकुनांनी चष्मा पुसलेला आहे.

ज्यांच्याविषयी : एक सेवानिवृत्त डॉक्टर. बाजारातील ओळख ‘बर्फवाले डॉक्टर’. काहींच्या मते ‘येडं डॉक्टर’.

साक्षीदार : एक, रसवंतीवाले मामा, ज्यांचा बर्फ या प्रकरणात वापरला गेला. दोन, सखूबाई, राहणार पाटसजवळची वस्ती. तीन, सखूबाईंचा मुलगा संतोष, कंपनीत कामाला, राहणार कारेगाव. चार, संतोषचे वडील आप्पा. ते हयात नाहीत, तरी त्यांची साक्ष मी सर्वांत वर धरतो.

दिनांक : सोमवार. कोणता, असे विचारू नये. प्रत्येक.

विरुद्ध : येथे मी कोणाचेही नाव लिहीत नाही. आमच्या भागातील एक सरकारी दवाखाना, एवढेच लिहितो. हे भीतीपोटी नाही. डॉक्टर म्हणत, की एकाचे नाव लिहिले की शेजारचा सुटतो.

वरील डॉक्टर पुण्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवीत असत. त्यातही त्यांचा विषय एकच, दुखणे. दुखणे शरीरात कसे उपजते, कोणत्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचते आणि कोणते औषध त्याला कोठे अडवते, या शोधात त्यांनी हयात घालवली. सासुरवाडी दौंडच्या रेल्वे कॉलनीतली. पत्नी वारल्यावर पुण्याचे घर मुलीच्या स्वाधीन करून ते येथे दोन खोल्यांत राहायला आले. लोकांना वाटले, डॉक्टर आले म्हणजे दवाखाना टाकतील. त्यांनी टाकला नाही. कोणी हात पुढे केला तर म्हणत, “नाडी दुसरीकडे दाखवा. मी औषधांचा डॉक्टर आहे, माणसांचा नाही.” आणि लगेच पुढचा प्रश्न विचारत, “पण कसं दुखतंय, ते सांगा की.”

आमची पहिली भेट माझ्याच टेबलापाशी झाली. नमस्कार-चमत्कार काही न करता ते म्हणाले, “तुमची मान दुखते.”

“होय. असह्य वेदना होतात,” मी म्हणालो. माझी भाषा तशीच आहे.

“असह्य कशी? सहन करत बसलायत की माझ्यासमोर. ठणकते? आग होते? मुंग्या येतात? भरून येते? चमक निघते?”

मला असे आजवर कोणी विचारले नव्हते. मी विचार करून सांगितले, की मान वळवली की एक चमक निघते आणि दंडातून करंगळीपर्यंत उतरते. त्यांना इतका आनंद झाला, की जणू मी त्यांना पेढा दिला. “चमक! करंगळीपर्यंत! म्हणजे नस. अहो, या दुखण्याचा पत्ता तुम्ही तुमच्या अर्जापेक्षा नीट लिहिलात. टेबल उंच करून घ्या.” मी टेबलाच्या पायांखाली विटा घातल्या. त्या आजही आहेत. खात्री करून घ्यावी.

लोकांची दुखणी विचारत फिरणे हाच त्यांचा दिनक्रम होता. पिशवीत पाण्याची बाटली घालून ते शिरूरच्या बाजाराला जात आणि एसटीतून उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना अडवत. एकदा मी बरोबर होतो. गुडघ्यावर हात टेकत उतरलेल्या एका बाईंना त्यांनी विचारले, “मावशी, गुडघा कसा दुखतो?”

“तुमाला काय करायचंय? घिऊन जाताय का घरला?”

“द्या.”

बाई आधी चिडल्या, मग हसल्या, मग थांब्यावरच्या कट्ट्यावर बसून त्यांनी गुडघ्याचा सगळा इतिहास सांगितला. त्यांची पुढची गाडी चुकली. डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या गाडीत बसवून दिले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “जन्मभर मी उंदरांना विचारत आलो. गरम पत्र्यावर ठेवला की उंदीर पाय चाटतो. कधी चाटतो ते बघायचं, औषध द्यायचं, परत ठेवायचं. त्याला बोलता येत नाही म्हणून एवढा खटाटोप. माणूस तोंडानं सांगतो, तर त्याला म्हणतात नाटक करतोय.”

त्यांचे एक पालुपद होते. कोणी म्हणाले, अमक्याला काही फार दुखत नाही, की ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, “त्याला विचारलं का?” बाळंतीण असो, हमाल असो, कचेरीतील साहेब असो, पालुपद तेच. या तीन शब्दांनी त्यांनी गावातील निम्मे डॉक्टर दुखावले होते.

बर्फाचा प्रकार असा. पुण्यात ते विद्यार्थ्यांचा हात बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवायला लावत. त्याने थोडाच वेळ पण खरेखुरे दुखते आणि हात काढला की इजा राहत नाही. दुखण्यावरच्या औषधांची परीक्षा अशीही घेतात, असे ते सांगत. दौंडला त्यांनी हा प्रयोग रसवंतीवर चालू केला. मामा वैतागून म्हणत, “डाक्टर, माझा बर्फ लोकांच्या घशात जायाचा. तुमी त्यात हात बुचकाळताय. गिऱ्हाईक पळतंय की!”

“पळू द्या. तुमचा हात घाला आधी.”

“व्हय, आन् रस कोन काढंल? तुमी?”

शेवटी मामांनी त्यांच्यासाठी एक वेगळे पातेले ठेवले आणि त्यावर चुन्याने फुली मारली. ज्याने त्यात हात घातला नाही असा माणूस स्टेशन रोडला क्वचितच राहिला असेल. हातात कळा येऊ लागल्या की डॉक्टर विचारत, “कसं वाटतंय?” आणि उत्तर मन लावून ऐकत.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

पाटसजवळच्या वस्तीवर आप्पा राहत. पूर्वी मेंढरे घेऊन कोकणापर्यंत उतरत. पुढे कळप मोडून त्यांनी ऊस केला. त्यांना कर्करोग झाला आणि तो हाडांत उतरला. पुण्याच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी सांगितले, की आता रोग बरा होणार नाही, परंतु दुखणे थांबवता येईल. आणि मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. ही गोळी अफूपासून निघते. ती आमच्या भागात मिळत नसे. आप्पांचा मुलगा संतोष कारेगावला कंपनीत. सुट्टी मिळाली की तो पुण्याला जाऊन गोळ्या आणी. सुट्टी नाही मिळाली की गोळी नाही. गोळी नाही म्हणजे काय, ते सखूबाईंनी पाहिलेले आहे. मी त्यांच्याकडून ते वदवून घेणार नाही.

संतोष माझ्याकडे अर्ज लिहायला आला, तेव्हा डॉक्टर शेजारीच बसलेले होते. त्याने विचारले, “सर, आपल्या दवाखान्यात दुखायची गोळी देत्यात की. ती का लागू पडंना आप्पांना?”

डॉक्टरांनी स्टेशनाकडे बोट दाखवले. “पायात काटा मोडला की तिथून दुखण्याची मालगाडी सुटते. साधी गोळी काय करते? गाडी सुटते त्याच स्टेशनात डबे कमी भरू देते. साध्या दुखण्याला तेवढं पुरतं. आप्पांच्या हाडांतून गाडीमागं गाडी सुटतीय. मग अडवायची कुठं? जंक्शनात. पाठीचा कणा आणि मेंदू ही आपली जंक्शनं. तिथं शरीराचाच एक सिग्नलवाला बसलेला असतो. मॉर्फिन त्याचा हात धरून सिग्नल लाल करते.”

रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड माझ्याकडे पेन्शनच्या कामासाठी बसले होते. त्यांनी शंका काढली, “आन् गाडी जंक्शन टाळून कॉर्डलाइनीनं गेली तर?”

डॉक्टर उठून उभे राहिले. “वा! ती नसेची चमक! या आमच्या अर्जदारांच्या मानेतली. तिला बऱ्याचदा वेगळी गोळी लागते.” त्या दिवशी गार्डसाहेबांना त्यांनी रस पाजला आणि हातही बुडवायला लावला.

मी अर्ज लिहिला. सदर औषध कायद्याने मान्यता असलेल्या दवाखान्यात, प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली ठेवता येते; सबब ते आमच्या भागातील दवाखान्यात उपलब्ध करून द्यावे, अशी मागणी केली. अर्ज उत्तम होता. चौकशीसाठी आरोग्य खात्यातील एक साहेब आप्पांच्या वस्तीवर आले. डॉक्टर आणि मी आधीच जाऊन बसलो होतो.

साहेब येणार म्हणून आप्पांनी सखूबाईंकडून पटका बांधून घेतला होता. घरात दोन दिवसांपासून गोळी नव्हती. तरी ते बाजेवर ताठ बसले. सखूबाईंनी चहा आणला. आप्पांनी स्वतःच्या हाताने कप साहेबांच्या पुढे केला. कप हलला नाही. साहेबांनी विचारले, “काय आप्पा, कसं काय?”

आप्पा म्हणाले, “बरं हाय.”

“फार त्रास होतो का?”

“न्हाई, चाललंय. च्या घ्या.”

आमच्याकडे दारी आलेल्या माणसापुढे कोणी दुखणे मांडत नाही. पाहुण्याने विचारले की “बरं हाय” म्हणायचे, ही रीत आहे. ती साहेबांनाही माहीत असणार. तेही याच मुलखातले. परंतु अहवालात त्यांनी लिहिले, की रुग्ण बसून चहा घेत होता, तीव्र वेदना दिसून आल्या नाहीत, दवाखान्यात वेदनाशामक गोळ्या पुरेशा आहेत, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

साहेबांची गाडी वळणाआड गेल्यावर आप्पा बाजेवर कलंडले. सखूबाई कडाडल्या, “आवं, बोलायला काय झालं व्हतं? तोंड शिवलंय का?”

आप्पांनी डोळे मिटूनच उत्तर दिले, आणि ते डॉक्टरांना दिले. “वाघरीत लांडगा शिरला की मेंढरं वरडत न्हाईत, डाक्टर. गप एकमेकांत घुसत्यात. मानूस झोपलेलाच ऱ्हातो. तसं हाय. आत लांडगा हाय, आन् मी गप हाय.”

वाघर म्हणजे रात्री कळपाभोवती लावायची जाळी. मी आयुष्यभर ‘असह्य वेदना’ असे लिहीत आलो आहे आणि तो शब्दप्रयोग शासनमान्य आहे. तरीही येथे नोंदवतो, की ते वाक्य मी तेथेच जसेच्या तसे उतरवून घेतले.

अहवालाची प्रत मिळाली, त्या सकाळी डॉक्टर रसवंतीवर गेले. मामांनी फुलीचे पातेले बर्फाने भरून दिले आणि वर दोन तुकडे जास्त घातले. पातेले दोघांनी धरून आम्ही साहेबांच्या केबिनमध्ये नेले. वाटेत माझ्या विजारीवर पाणी सांडले. शिपाई म्हणाला, “आत काय, लगीन हाय का?” डॉक्टर म्हणाले, “चौकशी आहे.”

साहेब वाईट मनुष्य नव्हते. कारकून आणि दोन परिचारिका जमल्या होत्या, त्यांच्यादेखत ते हसले आणि मनगटावरचे घड्याळ काढून त्यांनी हात पाण्यात घातला. डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसले आणि गप्पा मारू लागले. उसाला भाव काय, रस्त्याचे काम कधी संपणार. साहेब आधी उत्तरे देत होते. मग उत्तरे आखूड झाली. मग जबडा आवळला गेला आणि कानाची पाळी लाल झाली.

तेव्हा डॉक्टरांनी मऊ आवाजात विचारले, “साहेब, कसं काय?”

साहेबांनी भोवतीच्या माणसांकडे पाहिले आणि दातांवर दात धरून म्हणाले, “बरं आहे.”

डॉक्टर म्हणाले, “आप्पासुद्धा हेच म्हणाले होते.”

साहेबांनी हात झटक्यासरशी बाहेर काढला आणि काखेत दाबून धरला.

“तुम्हाला काढता आला,” डॉक्टर म्हणाले. “त्यांचा आतच आहे.”

निकाली निघालेला अर्ज त्या दिवशी पुन्हा उघडला गेला. असे माझ्या व्यवसायात याआधी घडलेले नाही. साहेबांनी स्वतःच्या सहीने प्रस्ताव वर पाठवला. त्यासाठी मी त्यांचे येथे जाहीर आभार मानतो; हाताची लाली जाण्यापूर्वीच त्यांनी तो लिहिला होता. परंतु प्रस्ताव जेथे गेला, तेथे कोणाचा हात ओला झालेला नव्हता. एक खुलासा मागवला गेला, मग दुसरा. कोणी तोंडी सांगितले, की ही नशेची वस्तू आहे, खेड्यात नको. म्हातारा दिवसभर पडून राहील.

याला माझा जबाब असा. संतोषने गोळ्या आणल्या, तेव्हा आप्पा पडून राहिले नाहीत, उठले. वस्तीच्या मागच्या पडीक रानात कोणाचा तरी कळप उतरला होता. आप्पा काठी घेऊन तेथवर चालत गेले. एका मेंढीची कास चाचपून त्यांनी त्या पोरसवदा मेंढक्याला शिव्या घातल्या. “आरं, ही दोन दिसांत इनार हाय, आन् तिला चालवत आनलीस व्हय रं?” डॉक्टर बांधावर उभे राहून पाहत होते. मला म्हणाले, “लिहा. गोळीनं माणूस झोपतो म्हणणाऱ्यांना ही शिवी जशीच्या तशी पाठवा.” मी ती अर्जात घातली नव्हती. आता घातली आहे.

प्रस्ताव गेल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी डॉक्टर घडीची खुर्ची घेऊन दवाखान्याच्या औषध खिडकीसमोर जाऊन बसले. खिडकी उघडली की विचारायचे, “मॉर्फिन आली का?” आतून उत्तर यायचे, “नाही.” “बरं,” असे म्हणून खिडकी बंद होईपर्यंत तेथेच बसायचे. भांडण नाही, घोषणा नाही, उपोषण नाही. दुसऱ्या सोमवारी तसेच. खिडकीतील मुलगी पुढे पुढे त्यांना पाहताच मान हलवू लागली, तर ते म्हणत, “तोंडानं सांगा. मला ऐकू येतं.” एकदा कोणीतरी खुर्ची उचलायला लावली. पुढच्या वेळी ते उभे राहिले. वयाच्या मानाने फार वेळ उभे राहिले. मग दवाखान्यातूनच त्यांना खुर्ची देण्यात आली. ती त्यांनी एका बाळंतिणीला दिली आणि स्वतःची उघडली.

गाळप हंगामाच्या दिवसांत कंपनीने संतोषला सुट्टी दिली नाही आणि आप्पांच्या गोळ्या संपल्या. तेव्हा डॉक्टर स्वतः डेमू गाडीने पुण्याला गेले. कागदपत्रे घेऊन, रांगेत उभे राहून, संध्याकाळच्या गाडीने परत. पाटसच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी वाट अडलेली होती. शेवटचा पल्ला ते माझ्या मोटारसायकलवर मागे बसून आले. पिशवी पोटाशी धरलेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आप्पा वारले. जाताना गोळी उशाशी होती. सखूबाई म्हणाल्या, “लांडगा गेला व्हता त्या दिसांत. झोपेत सुदीक हाका मारायचे मेंढरांस्नी.”

लोकांनी डॉक्टरांना नमस्कार केले. डॉक्टर चिडले. “एक म्हातारा गाडी पकडू शकला म्हणून दुसरा सुखानं गेला. याला तुम्ही व्यवस्था म्हणता?”

पुढच्या सोमवारी ते पुन्हा खिडकीसमोर हजर. मामांनी रस देता देता विचारले, “डाक्टर, आप्पा तर गेलं. आता कुनासाठी बसताय?”

डॉक्टरांनी खिडकीपुढच्या रांगेकडे पाहिले आणि चष्मा कपाळावर चढवला. “यांना विचारलं का?”

गेल्या वर्षी ते घरात घसरून पडले. मुलगी येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. खुर्ची माझ्याकडे राहिली. नंतर तिचाच फोन आला, की बाबा गेले. ती रडत होती. म्हणाली, “काका, शेवटी त्यांना काही दुखलं नाही.”

माझ्या तोंडून निघून गेले, “त्यांना विचारलंत का?”

तिने रडणे आवरले. मग ती म्हणाली, “विचारलं. म्हणाले, कमरेत ठणकतंय, आगबिग नाही, गोळी लागू पडतीय. आणि म्हणाले, दौंडला कळवा.”

तेव्हा मी कळवतो आहे. दर सोमवारी मी माझ्या टेबलाशी सापडणार नाही. त्या दिवशी मी त्या खिडकीसमोर असतो. “आली का?” “नाही.” “बरं.” माझे नुकसान होते, लोक नावे ठेवतात, आणि एका कारकुनाने मला समज दिली, की अर्ज लिहिणाऱ्याने अर्ज लिहावेत. त्याला मी सांगितले, तोच लिहितो आहे. कागदाऐवजी बसून लिहितो आहे.

सबब, ज्या टेबलावर सदर प्रस्ताव विचाराधीन आहे, त्या टेबलामागील अधिकाऱ्यांस माझी मागणी पुढीलप्रमाणे. मॉर्फिनची गोळी आमच्या भागातील दवाखान्यात केव्हा ठेवली जाईल, याचे लेखी उत्तर द्यावे. उत्तर नकाराचे असले तरी चालेल. मी त्यावर पुढचा अर्ज करीन. परंतु उत्तर लिहिण्यापूर्वी पातेलेभर पाण्यात बर्फ घालून आपला डावा हात मनगटापर्यंत बुडवावा. उजवा लिहिण्यासाठी मोकळा ठेवावा. हात बाहेर काढावासा वाटेल, तेव्हा काढू नये. तेव्हा लिहायला बसावे.

बर्फाची सोय नसल्यास कळवावे. मामांनी पातेले फुलीसकट जपून ठेवले आहे.